मलमाची चिठ्ठी लिहिण्याआधी नखं बघा : फॅमिली डॉक्टरांना खुलं पत्र

सर्व फॅमिली डॉक्टरांना,

सप्रेम नमस्कार.

मी शिवणकाम करते. सत्तावीस वर्षं झाली. त्यातली एकवीस वर्षं सोरायसिस, म्हणजे खपल्या धरणारे जाडसर चट्टे उठवणारं कातडीचं दुखणं, माझ्या सोबत आहे. कोपर, गुडघे, केसांच्या कडेची कातडी आणि कंबरेचा मागचा भाग, असा त्याचा मुक्काम. वैद्यकातलं शिक्षण मला नाही. पण आपल्या दुखण्याबद्दल माणूस वर्षानुवर्षं वाचत आणि विचारत राहतो, आणि माझ्या कामात रोज लोकांच्या अंगाला हात लागतो, तेवढ्या अधिकाराने लिहिते आहे.

माझ्या उजव्या हाताच्या मधल्या बोटात अंगुस्तान असायचं. सुई मागून ढकलायला. त्या पितळी टोपीवर बारीक बारीक खळगे असतात, सुईचं बूड घसरू नये म्हणून. सोरायसिसला आठएक वर्षं झाली असतील तेव्हा एका संध्याकाळी काज करताना लक्षात आलं, की माझ्या अंगठ्याचं नखही तसंच दिसतंय. टाचणीच्या टोकाने कुणी टोचून ठेवावं तसे खळगे. मग एकेक करून पाच नखं तशी झाली. दोन नखांखाली तेलाचा डाग पडावा तसा पिवळट तपकिरी रंग आला. मी ते डॉक्टरांना दाखवलं नाही, कारण नखांसाठी कुणी डॉक्टरकडे जातं का, असं मला वाटायचं. आणि कोपरांसाठी दर दोन-तीन महिन्यांनी जात होते, तेव्हा त्यांनीही माझे हात कधी टेबलावर ठेवायला सांगितले नाहीत. कोपर बघायचे, मलम लिहायचे, पुढचा पेशंट.

त्यानंतर वर्षभराने एका सकाळी अंगुस्तान बोटात जाईना. बोट मुळापासून टोकापर्यंत सुजलं होतं. एकच पेर असं नाही, अख्खं बोट. त्याच सुमारास मशीनचं पायडल मारताना टाचेत कळ यायला लागली. डॉक्टरांनी विचारलं, काम काय करता? मी सांगितलं, आणि तिथेच निदान होऊन गेलं. शिवणकामाचा ताण. वेदनाशामक गोळ्या मिळाल्या. पुन्हा गेले तेव्हा आमवाताची रक्ततपासणी केली. ती निगेटिव्ह आली, म्हणजे संधिवात नाही असं ठरलं.

त्यांना दोष द्यायला हे लिहीत नाही. ते मेहनती होते, आणि बाहेर बाकावर वीस माणसं बसलेली असायची. पण एक गोष्ट त्यांनी विचारली असती तर चित्र बदललं असतं. कामाच्या ताणाने दुखणारं बोट विश्रांतीने बरं वाटतं आणि कामाने चिडतं. माझं उलट होतं. सकाळी उठल्यावर तासभर मूठ वळायची नाही, आणि काम सुरू केलं की हळूहळू मोकळं व्हायचं. हा फरक मला माहीत होता, रोज भोगत होते. तो महत्त्वाचा आहे हे मात्र माहीत नव्हतं. ते तुमच्याकडे असतं.

पुढे अडीच वर्षांनी मी त्वचारोगतज्ज्ञाकडे गेले ती डोक्यातल्या खपल्यांसाठी. त्यांनी डोकं बघण्याआधी माझे हात हातात घेतले आणि नखं बघितली. मग पाच प्रश्न विचारले. सांधा कधी सुजला होता का? संधिवात आहे असं कुणी डॉक्टर कधी म्हणाले होते का? नखांत खळगे आहेत का? टाच दुखते का? एखादं बोट उगाचच पूर्ण सुजून दुखलं होतं का? माझी पाचपैकी चार उत्तरं 'हो' होती. तीन आली तरी संधिवाततज्ज्ञाकडे पाठवायचं असतं. ही प्रश्नावली 'पेस्ट' (PEST) नावाने ओळखली जाते आणि ती विचारायला एक मिनिट लागतं. मी घड्याळाकडे बघत नव्हते, पण मिनिटापेक्षा जास्त नक्की लागलं नाही. ज्या उत्तरासाठी मी अडीच वर्षं गोळ्या खाल्ल्या, ते त्या एका मिनिटात मिळालं : सोरायसिससोबत येणारा संधिवात.

त्यात आमवाताची तपासणी बहुतेकदा निगेटिव्हच येते, हे मला तेव्हा कळलं. सोरायसिस असलेल्या दहाजणांत दोघा-तिघांना हा संधिवात गाठतो आणि बहुतेकांमध्ये कातडी आधी बिघडते, सांधे काही वर्षांनी. म्हणजे इशारा मिळतो, आणि वेळही मिळते. सहा महिने उशीर झाला तरी सांध्यांची झीज जास्त होते असं अभ्यासांत दिसलेलं आहे. माझा उशीर अडीच वर्षांचा. आठवड्यातून एकदा घ्यायची मेथोट्रेक्सेटची गोळी सुरू झाल्यावर सूज उतरली, टाच शांत झाली. पण मधल्या बोटाचं शेवटचं पेर आता वाकत नाही. हाडाची झालेली झीज औषधाने परत भरून येत नाही.

एवढी माझी हकिगत. पण हे पत्र माझ्या बोटापुरतं नाही.

कातडीचं दुखणं आलं की तुमच्या आणि आमच्या मनात एक पायरी आपोआप खाली उतरते. छातीत दुखतंय म्हटलं की सगळे सावध होतात. अंगावर चट्टे आलेत म्हटलं की, अहो, कातडीचंच आहे ना. हा 'च' फार महागात पडतो. मोठ्या माणसाच्या अंगावर साधारण पावणेदोन चौरस मीटर कातडी असते. एखाद्या पूर्ण पोशाखाला लागेल एवढं कापडच म्हणा ना. तिच्यात रक्तवाहिन्या आहेत, मज्जातंतू आहेत, शरीराच्या संरक्षणयंत्रणेच्या पेशींचा मोठा ताफा आहे. ती शरीरावर घातलेला कपडा नव्हे. यकृताला, मूत्रपिंडाला, थायरॉइडला जे होतं त्याचे पडसाद तिच्यावर उमटतात. फरक इतकाच, की यकृत बघायला यंत्र लागतं आणि ही उघड्या डोळ्यांनी दिसते.

मला ती रोज दिसते. गळ्याचं माप घेताना मान दिसते, मुंढ्याचं माप घेताना काख दिसते. काही माणसांच्या मानेच्या मागच्या बाजूला कातडी काळपट आणि जाडसर झालेली असते. हात लागला तर मखमलीची लव उलटी फिरवल्यासारखी लागते. कडेला बारीक लोंबती चामखीळ. एक पंधरा वर्षांची मुलगी दरवेळी बंद गळाच मागायची. मी कारण विचारलं नाही. तिनेच सांगितलं, की मान मळकट दिसते म्हणून घरी रोज घासून घेतात, तरी निघत नाही. खरंच, घासून घासून ती जागा सोललेली होती.

तो मळ नव्हता. रक्तात इन्सुलिन सतत जास्त राहिलं की ते कातडीच्या पेशींना वाढायला चिथावतं आणि मान, काख, जांघ अशा घड्यांच्या जागी कातडी जाड आणि काळी होते. म्हणजे ती मान सांगत होती, की या मुलीचं शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालंय. पुढे टाइप दोनचा मधुमेह येऊ शकतो, पाळी अनियमित करणारा पीसीओएस असू शकतो. त्या मुलीला आधी दोन ठिकाणी गोरेपणाची क्रीम लिहून मिळाली होती. साखर कुणी तपासली नव्हती, वजन कुणी केलं नव्हतं, पाळीबद्दल कुणी विचारलं नव्हतं. मी तिच्या आईला एवढंच म्हटलं, की घासणं थांबवा आणि साखर तपासून घ्या. पण हे शिवणाऱ्या बाईने सांगायचं, हे मला आजही खटकतं. आणि हाच काळेपणा एखाद्या उतारवयातल्या, बारीक होत चाललेल्या माणसाला अचानक आणि भराभर आला तर तो जठराच्या कर्करोगाची खूण असू शकतो. तेव्हा मान तीच असली तरी प्रश्न वेगळे विचारावे लागतात.

दुसऱ्या एक बाई. पन्नाशीच्या आसपास. त्यांनी सगळ्या कपड्यांची अस्तरं काढून मागितली, कारण अंगाला काहीही लागलं की खाज सुटते. ट्रायलच्या वेळी पाठ बघितली. खाजवून खाजवून ओरखडे, काही ठिकाणी रक्त सुकलेलं. पण पाठीच्या मधोमध, जिथे स्वतःचा हात पोचत नाही, तिथली कातडी स्वच्छ. एक पुळी नाही, एक चट्टा नाही. अंगावर पुरळ असतं तर ते हात पोचण्याची वाट बघत थांबलं नसतं. म्हणजे जे दिसत होतं ते सगळं नखांनी केलेलं होतं आणि खाजेचं मूळ कातडीत नव्हतंच. त्यांना खरजेचं औषध दोनदा दिलं गेलं होतं, घरच्या सगळ्यांनाही लावायला लावलं होतं, साबण बदलले होते. रात्री तळहात-तळपाय जास्त खाजतात हे त्या सांगत होत्या, पण ते तक्रारींच्या ढिगात हरवून गेलं. शेवटी यकृताच्या तपासण्या झाल्या. पित्त वाहून नेणाऱ्या यकृतातल्या बारीक नळ्यांवर शरीराचीच संरक्षणयंत्रणा हल्ला करत होती. त्याला औषध आहे, आणि लवकर सुरू केलं तर यकृत पुष्कळ वर्षं तग धरतं.

पुरळ नसलेली, अंगभर, आठवडेच्या आठवडे चालणारी खाज. तिच्यामागे यकृत असू शकतं, मूत्रपिंड असू शकतं, थायरॉइड, लोहाची कमतरता, क्वचित रक्ताचा किंवा लसिकाग्रंथींचा कर्करोग. बऱ्याचदा यातलं काहीच नसतं आणि नुसती कोरडी कातडी असते, विशेषतः म्हातारपणी. ते मला मान्य आहे. पण रक्त तपासल्याशिवाय ते कसं ठरवायचं?

अशा खुणा किती म्हणून सांगाव्यात, आणि त्या तुम्हाला शिकवणारी मी कोण. नडगीवर उठणाऱ्या दुखऱ्या लालसर गाठींमागे क्षय किंवा आतड्याचा दाह असू शकतो. कोड असलेल्यांत थायरॉइडचे विकार इतरांपेक्षा जास्त आढळतात. कोपर-गुडघ्यांवर, कुल्ल्यांवर येणारे भयंकर खाजरे बारीक फोड गव्हातल्या ग्लुटेनशी वैर असलेल्या आतड्याकडे बोट दाखवतात. पापण्यांवर जांभळट छटा आणि बोटांच्या पेरांवर उठाव आले आणि जिना चढताना मांड्या भरून यायला लागल्या, तर प्रौढ माणसात कर्करोगाचा शोध घ्यावा लागतो. टाचणी लागूनही न कळणारा फिकट चट्टा म्हणजे कुष्ठरोग असू शकतो, आणि तो वेळेत पकडला तर ठरावीक महिन्यांच्या औषधांनी पूर्ण बरा होतो. हे सगळं तुमच्या पुस्तकांत आहे. माझं म्हणणं एवढंच आहे, की ते आठवायला कातडी आधी नीट दिसली पाहिजे.

आणि ती दिसत नाही. पेशंट बाही दोन बोटं वर सरकवतो, तुम्ही टेबलापलीकडून बघता. सावळ्या अंगावर तर अजून अवघड. पुस्तकातली बहुतेक चित्रं गोऱ्या कातडीवरची, तिथे दाह म्हणजे लाल. माझ्या रंगाच्या अंगावर तोच दाह जांभळट, करडा, तपकिरी दिसतो. एका डॉक्टरांनी माझ्या कंबरेवरचा चट्टा बघून 'लाली कुठे आहे' असं विचारलं होतं. लंडनमधल्या एका वैद्यकीय विद्यार्थ्याने, मॅलोन मुकवेंडेने, हीच उणीव ओळखून २०२० साली आपल्या दोन प्राध्यापकांसोबत गडद कातडीवरच्या लक्षणांची चित्रपुस्तिका तयार केली. विद्यार्थ्याला ते करावं लागलं, यावरूनच उणीव किती जुनी आहे ते कळतं. तेव्हा उजेडात बघा, आणि हात लावून बघा. गरम लागतंय का, जाड लागतंय का, दुखतंय का, हे बोटांना रंगापेक्षा लवकर समजतं. कापडाचा पोत मीही डोळ्यांनी ठरवत नाही.

आता हृदयाबद्दल, कारण तिथे माझ्यासारख्यांचं सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. २००६ साली ब्रिटनमधल्या १ लाख ३० हजारांहून अधिक सोरायसिस रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सोरायसिस असलेल्यांना हृदयविकाराचा झटका येण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त निघाला, आणि समवयस्कांशी तुलना केली तर तीव्र सोरायसिस असलेल्या तरुणांत ही तफावत सर्वांत मोठी. त्या नोंदी कुणाच्या होत्या? फॅमिली डॉक्टरांच्या. तुमच्यासारख्यांनी रोजच्या कामात लिहून ठेवलेल्या. कातडीत जो दाह पेटलेला असतो तो तिथेच थांबत नाही, रक्तवाहिन्यांच्या अस्तरापर्यंत जातो. २०१८ साली अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी कोलेस्टेरॉलबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत सोरायसिसला धोका वाढवणारी बाब म्हणून नाव घेऊन जागा दिली. म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारं स्टॅटिन हे औषध सुरू करायचं की नाही असा प्रश्न काठावर असेल, तर सोरायसिस त्या निर्णयात मोजायचा.

पहिल्या अकरा-बारा वर्षांत माझा रक्तदाब सोरायसिसच्या निमित्ताने एकदाही कुणी मोजला नव्हता. संधिवाततज्ज्ञांकडे गेल्यावर पहिल्यांदा मोजला. कंबरेचा घेर तिथेही मोजला नाही, तो मीच माझ्या टेपने घेते. अशी टेप तुमच्या टेबलाच्या खणात ठेवायला काय हरकत आहे? कातडीचा दीर्घ विकार असलेला माणूस आला की वर्षातून एकदा घेर, वजन, रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल. आणि तंबाखू-सिगारेटबद्दल एक सरळ प्रश्न.

उलट टोकाचीही मला भीती वाटते, तेही लिहिते. काही लोक प्रत्येक पुळीमागे 'रक्त अशुद्ध झालंय' असं म्हणतात आणि महिनोन्महिने पोट साफ करत बसतात. काहीजण इंटरनेटवर वाचून पापणीवरचा पिवळा डाग बघितला की हृदयविकाराचा झटका आल्यासारखे घाबरतात. तसे डाग असलेल्या निम्म्या लोकांचं कोलेस्टेरॉल ठीक निघतं. बहुतेक मुरमं ही मुरमंच असतात, बहुतेक नायटे हे नायटेच. सगळ्यांच्या सगळ्या तपासण्या करा असं मी म्हणत नाही. मोघम भीती आणि मोघम दुर्लक्ष, या दोन्हींवर इलाज एकच : कोणती खूण कशाकडे बोट दाखवते हे जाणणाऱ्या माणसाने शांतपणे बघणं. ते आमच्या जवळ राहणारे तुम्हीच करू शकता. तज्ज्ञाकडे आम्ही पोचतो ते तुम्ही पाठवलंत तरच.

मनाचं शेवटी लिहिते, कारण मला ते लिहायला अवघड जातं. माझ्याकडे एक तरुण मुलगा शर्ट शिवायला येतो. त्याला लहानपणापासून इसब आहे. पहिल्यांदा माप घेताना मी त्याच्या मनगटाला टेप गुंडाळली तेव्हा त्याने हात मागे घेतला आणि म्हणाला, "मॅडम, तुम्ही आकडे विचारा, मी सांगतो. हात लावायची गरज नाही." मी माझी बाही वर करून माझं कोपर दाखवलं. मग त्याने हात पुढे केला. रात्री खाजेमुळे तो सलग तीन तासही झोपत नाही, हे त्याने मला सांगितलं. डॉक्टरांना सांगितलंस का, विचारलं. म्हणाला, त्यांनी झोपेचं विचारलं नाही, कुठे खाजतंय तेवढं विचारलं.

इसब, सोरायसिस असलेल्यांत नैराश्य आणि चिंता इतरांपेक्षा जास्त आढळते. झोप मोडणं हे त्यातलं एक कारण, आणि लोकांनी हात न लावणं हे दुसरं. जागतिक आरोग्य संघटनेच्या जागतिक आरोग्य सभेने २०१४ साली सोरायसिसवर ठराव केला, त्यात हा आजार संसर्गजन्य नाही, वेदनादायक आहे, अपंगत्व आणणारा आहे, असं स्पष्ट लिहिलं आहे. मे २०२५ मध्ये त्याच सभेने सगळ्याच त्वचारोगांना जागतिक आरोग्याचा अग्रक्रम मानणारा ठराव मंजूर केला. ठराव झाले याचा मला मनापासून आनंद आहे. पण त्या मुलाला ठरावाआधी हवा आहे तो "झोप कशी लागते?" हा प्रश्न, आणि तो विचारताना त्याच्या मनगटावर टेकलेला, हातमोजा नसलेला तुमचा हात.

मलम तर लिहाच. मलमाने आराम पडतो, मी त्यावरच वर्षं काढली आहेत. फक्त किती दिवस लावायचं, कुठे लावायचं नाही आणि परत कधी यायचं, हे चिठ्ठीवर लिहा. स्टेरॉइडचं मलम बघायला परत न बोलावता दिलं, की नायटा दबून पसरत राहतो, कातडी पातळ होते आणि मूळ खूण पुसली जाते. ती पुसली गेली की पुढचा डॉक्टरही आंधळाच.

माझं अंगुस्तान आता अनामिकेत असतं. सुई धरायची सवय नव्याने लावून घ्यावी लागली, काज पूर्वीपेक्षा हळू होतात. दर तीन महिन्यांनी रक्त तपासायला मी अजूनही माझ्या फॅमिली डॉक्टरांकडेच जाते, कारण मेथोट्रेक्सेटच्या गोळीचा यकृतावर काय परिणाम होतो ते बघावं लागतं. पुढच्या वेळी खुर्चीत बसले, की काही विचारण्याआधी मी दोन्ही हात टेबलावर ठेवणार आहे, नखं वर करून.

आपली,
शिवणकाम करणारी एक पेशंट